बोटीचा इसार

कवठे महांकाळच्या पंचक्रोशीत नानासोंनी पसंत केलेला बैल पुन्हा बघायची गरज नाही, असं लोक म्हणत. लोकांनी असं म्हणावं अशी तजवीज नानासो स्वतःच चार ठिकाणी करून ठेवत, ही गोष्ट वेगळी. पण माणूस खरोखर पारखी होता. वाडवडिलांनी माळावर खिलारी जनावरं राखली, बापानं त्यांचा व्यापार सुरू केला आणि नानासोंनी तो खरसुंडीपासून पार कानडी मुलखातल्या बाजारांपर्यंत नेला. त्यांचा नियम एकच. एकटा बैल बघून घ्यायचा नाही. दोन शेजारी उभे करायचे, दात बघायचे, खूर बघायचे, अंगावरचे भोवरे तपासायचे, दोघांना चालवून बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. ही खोड पुढं सगळीकडं पसरली. धोतरजोडी घेताना ते दुकानदाराला दुसरी काढायला लावत, आणि कलिंगड घ्यायला गेले की विकणाऱ्याला नको होऊन जाई.

असल्या माणसाच्या बायकोनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागितलं ते नेमकं दात नसलेलं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नानासोंची बायको दगडाबाई जेवण वाढता वाढता आमटी ताटाबाहेर ओतू लागली. उंबऱ्याला ठेचकाळू लागली. बाजूनं कुणी गेलं तर तिला कळेना. समोरचं तेवढं नीट दिसे. नानासो तिला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर भले होते. त्यांनी वेळ घेऊन तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा मोतीबिंदू नव्हे, काढून टाकता यायचा नाही. काचबिंदू आहे. कडेची नजर गेली ती गेली. मधली आहे ती थेंब घालून टिकेल तितकी टिकवायची. वर्षभर टिकेल, दोन वर्षं टिकेल, नशिबानं साथ दिली तर जास्तही. दगडाबाईनं सगळं ऐकून घेतलं, औषधाची बाटली पदरात बांधली आणि डॉक्टरांना नमस्कार केला.

परतीला दोघं अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीत बसली. भरल्या बाजारात आवाज चढवणारा गडी खिडकीबाहेरच्या बाभळी बघत बसला. सलगरं मागं पडल्यावर कसंबसं त्यांनी विचारलं, की तुला काय पायजे ते सांग, पाटल्या म्हण, इरकली लुगडं म्हण. दगडाबाईनं पदरात बांधलेली बाटली चाचपून बघितली. मग म्हणाली, "मानसिंगगत मला आगबोटीत बसीवा. दर्या बघायचाय."

मानसिंग हा त्यांचा मुलगा. पलटणीबरोबर इटलीपर्यंत जाऊन आला होता आणि आता साताऱ्याला कचेरीत शिपाई म्हणून लागला होता. रजेवर आला की तो आईजवळ चुलीपुढं बसून दर्याच्या गोष्टी सांगे. जिकडं बघावं तिकडं पाणी, आणि काठ म्हणून नाहीच. घागरभर पाण्यासाठी माळ तुडवण्यात जिचा जन्म गेला, तिला हे खरं वाटत नसे आणि पुन्हा पुन्हा ऐकावंसंही वाटे. ही ओढ तिच्या मनात किती खोल गेली होती, हे नानासोंना त्या गाडीत पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला.

शब्द देणं सोपं होतं. पुढं काय करायचं ते नानासोंना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी साताऱ्याला मुलाकडं सांगावा धाडला. मानसिंगनं चौकशी केली. साताऱ्यात मोटारी उभ्या राहत तिथं बाळासो नावाचा एक एजंट होता. रत्नागिरीपर्यंत मोटारीतली जागा आणि तिथून मुंबईपर्यंतच्या बोटीचं तिकीट तो एकदमच करून देई. मुंबईहून रेल्वेनं घरी. बोटी मात्र दोन होत्या, एक 'जलकन्या' आणि दुसरी 'हंसगामिनी', आणि त्यातली कुठली ते आबांनी, म्हणजे नानासोंनीच, ठरवावं, असा मानसिंगचा उलट निरोप आला.

बोटी दोन आहेत हे ऐकून नानासोंचा जीव भांड्यात पडला. एकच असती तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

मग सुरू झाली पारख. नानासो साताऱ्याला गेले आणि बाळासोच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरींपुढं हात मागं बांधून उभे राहिले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, की यातली कोवळी कुठली. बाळासो तरणा, चटपटीत माणूस होता; गिऱ्हाइकं त्यानं तऱ्हेतऱ्हेची पाहिली होती, तरी त्याला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. 'जलकन्या' नवी, असं त्यानं सांगितलं. तिला विजेचे पंखे, बसायला गादीची बाकं, आणि चाल अशी की संध्याकाळी रत्नागिरीत बसावं, रात्रभर झोपावं आणि सकाळी मुंबईत दात घासावेत. 'हंसगामिनी' जुनी. ती भल्या सकाळी निघते, जयगड, दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन अशी प्रत्येक बंदराला थांबत थांबत जाते आणि मुंबईला पोचेपर्यंत दिवस संपतो. शिवाय तिच्यावर कोंबड्या, नारळाची पोती आणि सुक्या मासळीच्या पाट्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसतात.

नानासोंनी दोन्ही बोटी चालवून दाखवायला सांगितल्या. बाळासोनं हात जोडले.

घरी येऊन ते स्वस्थ बसले नाहीत. पलटणीतून परतलेला अर्जुना गावात होता, त्याला गाठून त्यांनी बोटीत पोटाचं काय होतं ते खोदून खोदून विचारलं. अर्जुनानं इराकात बसऱ्याला जाताना वाटेवर खाल्लेलं सगळं बाहेर कसं आलं त्याचं असं साग्रसंगीत वर्णन केलं, की नानासोंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तो म्हणाला, निजून गेलं की काही कळत नाही. मिरजेच्या स्टेशनवर कोकणातले आंबेवाले भेटले, त्यांनाही नानासोंनी सोडलं नाही. सगळ्यांचं मत एकच पडलं. दर्या झोपेत पार झालेला बरा.

तरीही नानासोंचा निर्णय होईना. 'जलकन्या' नवी खरी, पण नव्या जनावराचा भरवसा काय. 'हंसगामिनी' वाट ओळखून आहे, पण थकलेली. असं त्यांनी इतके दिवस चालवलं की साताऱ्याच्या पुढच्या फेरीत मानसिंग चेष्टेनं म्हणाला, की आबा, आता बोटीच्या शेपटीचा गोंडा तेवढा बघायचा राहिला. नानासो हसले नाहीत.

"बैल चुकला तर फुडच्या बाजारात इकता येतोय," ते म्हणाले. "ह्यो सौदा चुकला तर तिला फुडचा बाजार न्हाई रं."

 मानसिंगनं बापाला सरळ बाळासोच्या दुकानात नेलं, आणि त्या दुपारी 'जलकन्या' ठरली.

ठरली ती नानासोंच्या पद्धतीनं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात बाळासोपुढं केला. जनावरांच्या बाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. बाळासोला वाटलं म्हाताऱ्याच्या हाताला काही लागलंय. मानसिंगनं खालच्या आवाजात समजावल्यावर त्यानं सांगितलं, की बोटीचं भाडं छापील असतं, त्यात दाबायला बोट नाही. नानासोंना हा व्यवहार फार उघडावाघडा वाटला. तरी त्यांनी इसार म्हणून काही रक्कम बाळासोच्या तळहातावर ठेवली, त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली आणि दुकानातल्या चार माणसांच्या देखत सौदा झाल्याचं जाहीर केलं. होळी झाल्यावर निघायचं ठरलं.

कवठ्याला परतले ते फुगलेल्या छातीनं. दगडाबाई भाकरी थापत होती. तिच्यासमोर बसकण मारून नानासोंनी 'जलकन्या'चं नखशिखान्त वर्णन केलं. पंखे सांगितले, गादी सांगितली, बोट किती गुमान चालते ते सांगितलं. सांजच्याला बसायचं आणि डोळा उघडायच्या आत मुंबई. तुला काय बी तरास व्हायचा न्हाई, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

दगडाबाई म्हणाली, "बरं हाय."

नानासोंनी उभा जन्म लोकांच्या तोंडाकडं बघून काढला होता. बैल न आवडलेलं गिऱ्हाईक उठून जाताना असंच 'बरं हाय' म्हणतं. त्यांनी विचारलं, की काय झालं. ती म्हणाली, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. दगडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरनं पाण्याचा हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "रातीचा दर्या कसा दिसत असंल वो?"

 नानासोंनी इतक्या लोकांना विचारलं, इतक्या खेपा घातल्या, पंखे बघितले, गाद्या बघितल्या. जिला बघायचं होतं तिला तेवढं विचारायचं राहिलं. अंधारातून, झोपवून, ते तिला दर्या दाखवायला निघाले होते.

त्यांचा चेहरा पडलेला तिला समोरून नीट दिसला. तीच मग समजूत घालू लागली. इसार दिलाय ना, मग झालं. तुमचा शब्द चार माणसांत गेलाय, तो मागं घ्यायचा नाही. चांदणं बघून निघू. चांदण्यात पाणी लखलखतं असं मानसिंग म्हणायचाच. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आणि म्हणूनच नानासोंना ते सहन होईना.

इसार ही काय चीज आहे ते बाजारात वावरल्याशिवाय कळायचं नाही. इसार हातावर पडला की जनावर घेणाऱ्याचं झालं, मग आभाळ कोसळो. एकदा खरसुंडीच्या जत्रेत इसार दिल्यावर दिवस मावळायच्या आत बैल लंगडायला लागला. विकणारा स्वतः म्हणाला, की पाव्हणं, राहू द्या, इसार परत घ्या. नानासोंनी तो लंगडा बैल गाडीत घालून घरी आणला आणि मरेपर्यंत फुकट पोसला. इसार मागं घेणारा माणूस त्यांच्या लेखी बाजारातून उठलाच. त्याच्या उपरण्याखाली पुन्हा कुणी हात घालत नाही. नानासोंकडं तसं सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेत बेताचं, घर बेताचं. नाव तेवढं मोठं होतं.

 दोन-तीन दिवस ते गोठ्यात जाऊन उभे राहत आणि परत येत. दगडाबाई डोळ्यांत थेंब घालून घ्यायला त्यांच्यापुढं मान वर करून बसे. थेंब घालताना त्यांना तिची बुबुळं जवळून दिसत, आणि नेम चुके. असाच एकदा थेंब गालावर सांडला. तिनं तो पदरानं टिपला आणि दुसरा घालण्यासाठी मान पुन्हा वर केली. नानासोंनी दुसरा थेंब नीट घातला, बाटली कोनाड्यात ठेवली आणि जोडा पायात सरकवला. कुठं निघालात म्हणून तिनं विचारलं. साताऱ्याला, एवढंच ते म्हणाले.

साताऱ्यात उतरल्यावर ते मानसिंगकडं गेले नाहीत. मुलासमोर ही गोष्ट करायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. बाळासोच्या दुकानावरून एकदा पुढं गेले, एकदा मागं आले. आत गिऱ्हाईक होतं तोवर समोरच्या पानाच्या ठेल्याशी उभे राहिले. दुकान रिकामं झालं तसे आत जाऊन बसले, डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेतला आणि खाली बघत बोलायला लागले. मी सौदा मोडायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. चूक सगळी माझी आहे. इसार तुमचाच, मी मागणार नाही. वर काय दंड असेल तो सांगा. जन्मात असं केलं नव्हतं, पण घरात अडचणच तशी आहे. मला 'हंसगामिनी' पाहिजे. तुमी उद्या बाजारात माझं नाव घेतलंत तरी माझी तक्रार न्हाई.

बाळासोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे तिकीट बदलायचंय व्हय? बदलू की."

त्यानं 'जलकन्या'च्या वहीतल्या नावावर एक आडवी रेघ मारली, दुसऱ्या वहीत तेच नाव लिहिलं आणि भाडं कमी आहे म्हणून इसारातली वरची मोड परत केली. मग दारात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला कऱ्हाडच्या मोटारीची वेळ सांगू लागला.

नानासो पटका मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. सुटका झाली म्हणून बरं वाटत होतं, आणि रागही येत होता. आपण काळजावर दगड ठेवून मोडलेला शब्द ह्या पोरानं एका रेघेत उरकला होता, दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, की तुमची खरंच हरकत नाही ना. बाळासो म्हणाला, लोक रोज बदलतात. नानासोंच्या मनात आलं, की असल्या धंद्यात माणसाची पत राहते तरी कशी. पण दुकानाबाहेर पडल्यावर पटका डोक्याला गुंडाळता गुंडाळता ते आपल्याशीच हसले, आणि मग मात्र मानसिंगकडं जाऊन पोटभर जेवले.

होळीनंतर दोघं निघाली. आंबा घाट उतरताना दगडाबाईला मोटार लागली, तेव्हा नानासोंचं धाबं दणाणलं. मोटारीत ही गत तर बोटीत काय. पण भल्या पहाटे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होडीत बसून ती बोटीकडं निघाली, आणि हेलकावे खात असतानाही सरळ समोर बघत बसली होती. उलटी झाली ती नानासोंना. दोनदा.

'हंसगामिनी' बाळासोनं सांगितली होती अगदी तशी निघाली. रंग उडालेला, भोंग्याचा घसा बसलेला, आणि सगळीकडं सुक्या मासळीचा वास. नानासोंनी खलाशांशी गोड बोलून दगडाबाईसाठी कठड्याजवळची जागा मिळवली, पाठीला वळकटी लावून दिली. दिवस उजाडला. पाणी आधी काळं होतं, मग करडं झालं, मग एकाएकी सगळीकडं उजेड पसरला. जयगडला बोट थांबली. होड्या चहूबाजूंनी येऊन तिला चिकटल्या, बाया लुगडी खोचून वर चढल्या, एक म्हातारा कोंबडी काखेत घेऊन चढला, कुणाचं तरी पोर खालच्या होडीतून वर फेकल्यासारखं दिलं गेलं आणि वरच्यानं अलगद झेललं. कडेची नजर नसलेली दगडाबाई सगळी मानच इकडून तिकडं फिरवत होती. तिच्या तोंडावर जे काही उमटत होतं ते नानासोंनी लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. त्यांना दुसरीकडं बघवेना. सगळे हेलपाटे, सगळी शरम वसूल झाली असं त्यांना वाटलं, आणि ते तिच्याकडंच बघत राहिले.

बऱ्याच वेळानं ती त्यांच्याकडं वळली आणि तिच्या ते ध्यानात आलं.

"माज्याकडं काय बघतायसा?" ती म्हणाली. "दर्याकडं बगा. मला दिसायचं बंद झालं, की मी इचारणार तुमास्नी. तवा सांगायचं कुणी?"

  नानासो गर्रकन वळले आणि कठडा धरून पाण्याकडं बघू लागले.

"सांगा," ती म्हणाली. "मी ताडून बघते."

"पानी हाय," नानासो म्हणाले.

"त्ये मला बी दिसतंय. कसं हाय?"

नानासोंनी डोळे बारीक केले. म्हणाले, की कोशा बैलाच्या खांद्यावर असतो तसला राखट रंग आहे. दगडाबाईनं बैल बाजूला ठेवायला सांगितले. दर्याचं सांगा म्हणाली. नानासो अडकले. जनावराच्या एका पांढऱ्या रंगाला त्यांच्याकडं कितीतरी शब्द होते, आणि एवढ्या मोठ्या पाण्याला एकही नव्हता. ते नुसतेच बघत राहिले. मग सावकाश सांगू लागले, की काठाजवळ गढूळ हाय, मधी हिरवं, आन लांब जिथं आभाळ टेकलंय तिथं निळं. त्या निळ्यात एक शीड दिसतंय, वाकडं झालेलं.

दगडाबाईनं मान वळवून शीड शोधलं. ते सापडायला तिला वेळ लागला.

"वाकडं न्हाई," ती म्हणाली. "वाऱ्यानं फुगलंय त्ये."

नानासोंनी पुन्हा बघितलं. फुगलेलंच होतं. त्यांनी ती चूक मान्य केली आणि पुढचं सांगायला घेतलं. दाभोळ गेलं, हर्णै आलं, होड्या येऊन चिकटल्या आणि सुटल्या. नानासो सांगत होते, आणि जिथं चुकतील तिथं दगडाबाई त्यांना थांबवून पुन्हा बघायला लावत होती.